विमलताईंची काळी भिंत

विमलताई कोणतीही रंगीत वस्तू घेण्याआधी ती आपल्या काळ्या छत्रीवर धरून पाहत. ऊन नसो, पाऊस नसो, छत्री हातात असेच. लखनऊच्या आलमबाग बाजारात त्यांनी एकदा पेरूसुद्धा असा तपासला. ठेलेवाला म्हणाला, "मैडम, अमरूद लेना है कि फोटो खींचनी है?" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पिकलाय की नाही, ते काळ्यावरच कळतं. काळा स्वतः बोलत नाही गं, शेजारच्याला बोलू देतो."

अनन्या, परवा तू नव्या घरातल्या काळ्या भिंतीचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आजी, सध्या हीच फॅशन आहे." असेल. काळे पडदे, काळी भांडी, काळ्या पार्श्वभूमीची चित्रं मीही मासिकांत पाहते. पण आमच्या इमारतीत काळी भिंत बरीच आधी झाली होती. तू आणि तुझा भाऊ रोहन दूर वाढलात, विमलताईंना पाहिलं नाहीत, म्हणून हे लिहिते.

त्या मूळच्या साताऱ्याच्या. त्यांचे यजमान आणि तुमचे आजोबा इथल्या मानक नगरला रेल्वेच्या एकाच कचेरीत इंजिनिअर होते. त्या शाळेत चित्रकला शिकवत. वर्णाने त्या "सावळ्या नव्हे, चांगल्या काळ्या" होत्या, शब्द त्यांचेच. लहानपणी आईने त्यांना काळं परकर-पोलकं कधी शिवू दिलं नाही. "म्हणायची, अंधारात हरवशील," हे त्या हसत सांगत, पण पुष्कळदा सांगत.

निवृत्तीनंतर आम्ही समोरासमोरचे फ्लॅट घेतले. त्यांनी हॉलची एक भिंत काळी करायला सांगितली तेव्हा रंगारी म्हणाला, "आंटी जी, कोचिंग खोल रही हैं?" मलाही ती भिंत पटली नाही. हॉल लहान वाटतो, असं मी स्पष्ट सांगितलं.

"वाटू दे. माणसं मोठी दिसतात," त्या म्हणाल्या. मग मला शिकवणी सुरू झाली. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट, खडक काळाकभिन्न. "सगळ्याला नुसतं 'काळं' म्हणायचं म्हणजे सगळ्या शेजारणींना 'अहो' अशी हाक मारायची. वळून बघणार कोण?"

त्यांची एकुलती मुलगी मीरा. तिने आईचा वर्ण घेतला होता, आवड नव्हती घेतली. तिचं कपाट फिक्या गुलाबी आणि मोतिया रंगांनी भरलेलं असे. लग्न लखनऊच्याच श्रीवास्तव कुटुंबात झालं. मराठी ती नीट समजे, उत्तर हिंदीत देई.

तिची पहिली संक्रांत आली. आपल्याकडे नव्या सुनेला संक्रांतीला काळी साडी नेसवतात आणि वर पांढऱ्या हलव्याचे, म्हणजे साखरेच्या दाण्यांचे, दागिने घालतात. साडी खरं तर सासूने द्यायची, पण तिकडे ही रीतच ठाऊक नव्हती. म्हणून विमलताईंनी पुण्याहून काळी चंद्रकळा मागवली आणि हलवा स्वतः केला. फोनवर मीरा म्हणाली, "आई, रहने दो ना. मम्मीजी को अच्छा नहीं लगेगा."

हे खरं वाटण्याजोगं होतं. लखनऊत काळा हा मोहर्रमचा, शोकाचा रंग. श्रीवास्तवांसारख्या घरांत नव्या सुनेने तो घालणं अशुभ. विमलताईंनी वाद घातला नाही. मायलेकींत बिनसू नये म्हणून त्यांनी सरळ विहीणबाईंना मीरासह चहाला बोलावलं, आणि मलाही.

"नई बहू और काला!" मीरा फोनवर काय म्हणाली ते विमलताईंकडून ऐकून विहीणबाई कानाला हात लावत म्हणाल्या. "समधन जी, हमारे यहाँ तो काला धागा भी सोच के बाँधते हैं."

"और बच्चे को नजर का टीका?"

"वो तो लगाते हैं."

"तो बस. समझो ये पूरी साडी टीका है."

विहीणबाई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. "अच्छा बाबा, इतना बड़ा टीका! पहनाइए. और बहू, हमारा नाम काहे को आगे किया? हमसे तो तुमने पूछा भी नहीं."

मीराला आता कोणाचाच आडोसा राहिला नाही. ती बशीकडे बघत म्हणाली, "आई, मैं काली हूँ. काले में दिखूँगी ही नहीं."

सगळ्या जगाला छत्री दाखवत फिरणाऱ्या बाईच्या घरात तिच्या आईचं वाक्य आलं होतं, तेही तिच्याच मुलीच्या तोंडून. विमलताई उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भिंतीजवळ उभी राहा."

मीरा उभी राहिली. तिने फिका गुलाबी कुर्ता घातला होता. विमलताईंनी त्यावर चंद्रकळेचा पदर टाकला, गुलाबी पूर्ण झाकला. मागे काळं, अंगावर काळं. उरला तो मीराचा चेहरा: तांब्यासारखा, तापलेला, दोन्ही गालांवर लाली चढलेली. गुलाबीत तो मला इतक्या वर्षांत दिसला नव्हता.

"माशाअल्ला," विहीणबाईंच्या तोंडून निघालं. श्रीवास्तव असल्या तरी त्या लखनऊच्या होत्या. मग त्यांनी उठून, आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन, मीराच्या कानामागे लावलं. मीराने बघायला आरसा मागितला, तेव्हा विमलताई तो आणायला आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. संक्रांतीला मीरा चंद्रकळाच नेसली.

गेल्या हिवाळ्यात विमलताई वारल्या. त्याच हॉलमध्ये शोकसभा होती. सगळ्या बायका इकडच्या रीतीप्रमाणे पांढऱ्यात, मीही. मीरा चंद्रकळा नेसून आली आणि भिंतीजवळ बसली. मागे कोणीतरी कुजबुजलं, "काला? संक्रांत वाली साड़ी है ना ये? आज के दिन?"

विहीणबाई पांढऱ्या चिकनकारीच्या साडीत पुढेच बसल्या होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "टीका है. इसकी माँ लगा के गई है."