हेर मायर यांची शिकारी कुत्री

आज ओल्या लोकरी कोटाचा वास आला आणि एकसष्ट सालचं, जर्मनीतल्या गेर्लिंगेनजवळचं ते कुत्र्यांचं आवार आठवलं. माझे घरमालक हेर (म्हणजे श्रीयुत) मायर यांना पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुत्रा घ्यायचा होता.

"जोशी, तुम्हीही चला. नुसते कुंपणाशी उभे राहा."

काळ्या परक्यावर कोणती जात भुंकते, हेच त्यांना पाहायचं असणार! निघण्याआधीच मी खोली सोडत असल्याची जळजळीत चिठ्ठी त्यांच्या पत्रपेटीत टाकली.

राठ केसांचा कुत्रा पाण्यातूनही बदक आणतो, असं विकणारा सांगत होता. तो कुत्रा माझ्यावर गुरगुरला. लांब केसांच्या कुत्रीने मात्र माझा हात शांतपणे हुंगला.

"हीच द्या," मायर म्हणाले. "जोशी माझ्या घरात राहतात. त्यांच्यावर गुरगुरणारं जनावर मला नको."

परतताना गाडीत ती माझ्या पायांवर झोपली. घरी मायरबाई चिठ्ठी हातात घेऊन दारातच उभ्या होत्या.