मी हवेत अडकले होते

आधी मंगलाताईंचं नाव लिहिते, मग बाकीचं. मंगलाताई आमच्या महिला बास्केटबॉल संघाच्या कॅप्टन, मूळच्या सटाण्याच्या. नाशिक रोडला त्यांच्याच घरात मी राहायचे. त्या नसत्या तर हे लिहायला मी उरले नसते. माझी शाळा नववीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चुकलं-माकलं सांभाळून घ्या. पण हा आजार कुणालाही गाठू शकतो आणि त्या वेळी सांगणारं जवळ कुणी नसतं, म्हणून लिहायला बसले.

डॉक्टर माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारत होते. मला हातोडी दिसत होती, पण लागत नव्हती. पाय उडतच नव्हता. त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि ताईंना म्हणाले, "पाय चांगले आहेत हिचे. पायांकडे जाणाऱ्या नसांवरचं आवरण निघत चाललंय, वायरीचं प्लास्टिक सोलतात ना, तसं. याला जीबीएस म्हणतात. हे खालून वर चढतं."

"कुठपर्यंत?" ताईंनी विचारलं.

"ते आत्ता नाही सांगता येणार. छातीपर्यंत गेलं तर श्वास मशीनने द्यावा लागेल."

मी मधेच विचारलं, "पण सर, रविवारच्या मॅचपर्यंत उतरेल ना?" डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझं गाव नांदेडकडे, किनवटच्या पुढे. नाशिकला यायचं म्हणजे एक दिवस प्रवासातच जायचा. अंगात दुसरं काही नव्हतं, उंची होती. संघाच्या कोचनी, आमच्या सरांनी, मला एका स्पर्धेत पाहिलं आणि म्हणाले, "नाशिकला चल, कारखान्याच्या संघात खेळ, तिथेच कामाला लावतो." म्हणजे पाय गेले की खेळ गेला, काम गेलं आणि नाशिकही गेलं. गावी जाऊन मी काय करणार होते? तिथे रिंग नव्हती, दवाखानाही नव्हता.

सुरुवात अशी झाली. घोटीला मॅच खेळून आलो आणि सगळ्यांचीच पोटं बिघडली. बाकीच्या बऱ्या झाल्या. मीही झाले, पण नंतर हाताला काहीतरी झालं. बॉल तळव्यात यायचा आणि मला पत्ताच नसायचा. जणू दुसऱ्याच कुणाच्या हातात आलाय. पायाची बोटं तर त्याआधीच झोपली होती.

आमच्यात घोटा मुरगळू नये म्हणून मॅचआधी पायाला चिकटपट्टी गुंडाळतात. सर म्हणाले, "पट्टी आवळून बांधलीस." कात्रीने कापली, सैल बांधली. तरी बोटं झोपलेलीच. मग पट्टी बांधलीच नाही. तरी तेच. आणि पास सुटला की शिक्षा म्हणून मैदानाच्या या रेषेपासून त्या रेषेपर्यंत पळायचं. मी पळत राहिले. पळता पळता पडले आणि पडल्यावर जमीन लागली नाही. आपण पडलो हे मला समोरच्या मुलीच्या तोंडाकडे बघून कळलं.

पोरींनो, पट्टी काढल्यावरही बधिरपणा राहिला आणि तो रोज वर सरकत असला, तर पळू नका. डॉक्टर गाठा. आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच ते आलं नाही.

तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन टेस्ट म्हणजे नसेला बारीक शॉक देऊन तो पुढे पोचतो का ते बघतात. लंबर पंक्चर म्हणजे कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, कंबरेतून सुईने पाणी काढतात. ताईंनी माझं डोकं धरलं होतं आणि अहिराणीत पुटपुटत होत्या, "मी आठेच शे, मी आठेच शे." म्हणजे मी इथेच आहे. त्यांना काळजी वाटली की अहिराणी यायची.

संध्याकाळी मला पूर्ण वाक्य बोलता येईना. मशीन लावलं.

आयसीयूला खिडकी नव्हती. ट्यूबलाइट कायम जळायची. अंगातलं काहीच हलत नव्हतं, फक्त डोळे हलायचे. आणि आता लिहिते ते कुणाला पटो न पटो. मी झोपलेलीच नव्हते. मी उडी मारलेली होती. पाय गादीवर सरळ पडलेत हे दिसायचं, पण मला ते गुडघ्यात वाकलेले, जमिनीपासून वर लागायचे. बास्केटखाली उडी मारली आणि खाली आलेच नाही, असं. माणूस किती वेळ हवेत राहणार?

माय गावाहून आली. काचेतून तिने बघितलं. माझा चेहरापण लुळा पडलेला. "ही नाही माझी पोरगी," ती म्हणाली आणि मागे सरली. मी आतून हाका मारत होते.

मग बॉल ऐकू यायला लागला. ठप, ठप. पलंगाच्या पायथ्याशी एक मुलगी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. अंगात माझीच जर्सी. वेणी माझीच.

मी पोस्टवर खेळायचे. म्हणजे बास्केटकडे पाठ करायची, बॉल आपटत आपटत एकेक पाऊल मागे सरकायचं आणि जवळ आलं की वळून उडी मारायची. ती तेच करत होती. मागे मागे सरकत माझ्याकडे येत होती. बास्केट मी होते. ती वळली आणि तिचं तोंड दिसलं की माझं संपलं, हे मला कुणी न सांगता कळलं होतं.

ताई भेटीच्या वेळेला आल्या. त्यांनी माझे डोळे बघितले. मॅचमध्ये आम्ही डोळ्यांनीच बोलायचो, कारण हाताच्या खुणा समोरच्या संघाला कळतात. डोळे वर म्हणजे हो, दे. बाजूला म्हणजे नको. ताई वाकून म्हणाल्या, "तिथं कोणी शे का?"

मी डोळे वर केले.

"आपल्यातली?"

वर.

"पोस्ट करतेय?"

वर. माझ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते पुसताही येत नव्हतं.

ताईंनी पर्स खाली ठेवली, साडीचा पदर खोचला आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून. गुडघे वाकवले, पाय फाकवले, एक हात छातीशी आडवा धरला. सरावात मला कायम त्याच अडवायच्या. मला आता फक्त ताईंची पाठ दिसत होती.

सिस्टर धावत आली. "अहो बाई, हे काय? आयसीयू आहे हे!"

"माहितीये सिस्टर. मॅच चालू आहे."

"कुणाची?"

"या उंटिणीची. स्वतःशीच खेळतेय येडी."

सिस्टरने कपाळाला हात लावला, पण घालवलं नाही.

ताई रोज आल्या. त्या गेल्या की ठपठप जवळ यायची, आल्या की मागे हटायची. मधल्या काळात माझं रक्त काढून त्यातला खराब पातळ भाग बदलत होते, त्याला प्लाझ्मा बदलणं म्हणतात. बरं त्यानेच वाटलं, हे मी नाकारत नाही. पण एका सकाळी बॉलचा आवाज आला नाही. ताई पायथ्याशी घाम पुसत उभ्या होत्या. "गेली?" त्यांनी विचारलं. मी डोळे वर केले.

डॉक्टर नंतर म्हणाले, "या आजारात असे भास होतात. अंगाकडून खबर येत नाही, मग मेंदू स्वतःच चित्रं काढतो." मी मान डोलावली, तोवर मान हलायला लागली होती. ताईंना मात्र मी पुढे घरी आल्यावर विचारलं, तिथे खरंच काही होतं का? त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, "धक्का तुझ्यासारखाच जोरात होता गं." आणि पुन्हा लाटायला लागल्या.

मशीन निघालं तरी मी खाली आले नव्हते. फिजिओथेरपीत, म्हणजे हातापायांना पुन्हा काम शिकवतात तिथे, मला दोन दांड्यांमध्ये उभं केलं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी रडत होते, "मला खाली घ्या, कुणीतरी खाली घ्या." ताई फरशीवर बसल्या. माझी टाच दोन्ही हातांनी धरली आणि दाबली. "ही फरशी शे. तू आठेच शे." पुन्हा दाबली. किती तरी वेळ दाबत होत्या.

मग गार लागलं. टाचेला, एवढंसं. मी उतरले.

डावा पाय अजून ओढते, त्यामुळे खेळ सुटला. पण सरांनी मला संघाच्या पट्ट्या बांधायला बसवलं. फिजिओ मॅडमकडून शिकले, लहानसा कोर्स केला, एकदा नापास होऊन केला. आज मी मुलींच्या संघाची ट्रेनर आहे आणि नाशिकमध्येच आहे. पट्टी बांधण्याआधी प्रत्येकीला डोळे मिटायला लावते आणि कुठल्या बोटाला हात लावला ते ओळखायला लावते.

"ताई, गुदगुल्या होतात!" पोरी ओरडतात.

"होऊ देत. होतायत तोवर खेळ."

सगळ्या गेल्यावर कधीकधी रिकाम्या हॉलमध्ये बॉल आपटल्याचा आवाज येतो. मी मागे वळून बघत नाही. जमिनीवर टाच दाबते आणि दिवे मालवते.

मंगलाताई आता सटाण्याला असतात. त्यांचे गुडघे झिजलेत, कधीतरी ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. ताई, वेळ न येवो. पण आली आणि पलंगाच्या पायथ्याशी कुणी दिसलं, तर नुसते डोळे वर करा. तुमच्याकडे पाठ करून मी उभी असेन. माझा एक पाय ओढतो खरा, पण अडवायला तुम्हीच शिकवलंय. आत नाही येऊ देणार.