आजी पळून गेली नव्हती

माझी आजी एका खलाशाबरोबर पळून गेली, असं आमच्या नात्यागोत्यात सगळे धरून चालले होते. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण माझ्या आईचं ठरत आलेलं लग्न पहिल्यांदा मोडलं ते याच गोष्टीवरून. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू. मुंबईत आमची माणसं मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखणारे. अशा समाजात एकदा चिकटलेली गोष्ट सुटत नाही.

खरं एवढंच होतं की आजी तरुणपणी विधवा झाली आणि एका साहेबाच्या घरी आया म्हणून लागली. साहेब रजेवर विलायतेला निघाला तेव्हा बोटीवर मुलं सांभाळायला, परतीचं तिकीट काढून द्यायच्या बोलीवर, तिला बरोबर नेलं. माझी आई तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली. तिला बहिणीच्या हवाली करून, "पुढच्या बोटीनं येते," म्हणून आजी गेली आणि परत आली नाही. आईला वाढवलं त्या मावशीनं. खलाशाची गोष्टही त्याच घरातून निघाली.

एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आई आमच्याकडे लंडनजवळ इल्फर्डला राहायला आली. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "मावशीनं जाण्याआधी मला साहेबाच्या गावाचं नाव सांगितलं होतं. सॉमरसेटमध्ये आहे म्हणे. मला तिथं जायचंय."

"आई, आता कोण असणार तिथं?"

"नसलं कोणी तर परत येऊ."

त्या दिवसांत माझ्या ऑफिसात पूर्वज शोधायचं खूळ आलं होतं. सुट्टी घेऊन खेड्यात जायचं, चर्चच्या आवारातले दगड वाचायचे आणि सोमवारी चहाच्या वेळी सांगायचं की आमचे खापरपणजोबा लोहार होते. मी सहज म्हटलं की मीही आजीच्या शोधात सॉमरसेटला चाललेय, तर शेजारच्या टेबलावरची बाई टाळ्या पिटत म्हणाली, "किती गोड! म्हणजे तू आमच्यातलीच की!" दहा वर्षं माझ्या शेजारी बसून तिला मी आमच्यातली वाटले नव्हते. ते मी तिला बोलून दाखवायला हवं होतं. हसले फक्त.

ऑगस्टमध्ये आमच्या जुन्या मॉरिसमधून आम्ही तिघं निघालो: मी, हे आणि आई. रस्त्याकडेला गाडी थांबवून पुऱ्या आणि उकडलेली अंडी खाल्ली. आईला कुंपणं, मेंढ्या, दगडी पूल सगळं आवडत होतं. संध्याकाळी एका गावात 'खोल्या रिकाम्या' अशी पाटी बघून आम्ही दार वाजवलं. घरवालीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीजवळ उभ्या असलेल्या आईच्या लुगड्याकडे. "सॉरी हं, आत्ताच भरलं."

पाटी तिच्या डोक्यामागे खिडकीत तशीच होती.

"मग पाटी तरी काढा," मी म्हटलं.

ह्यांनी माझा दंड धरला. "चल ना. सुट्टीत भांडणं कशाला? ब्रिस्टलला डॉक्टरांकडे जाऊ." ह्यांचे पुण्याचे एक मित्र तिथं हॉस्पिटलात होते, त्यांनी रात्री उशिरा आम्हाला पिठलं-भात करून घातला. माझा राग त्या बाईवर होता तितकाच ह्यांच्या 'कशाला'वरही होता.

दुसऱ्या दिवशी ते गाव सापडलं. पोस्टातल्या बाईनं घर दाखवलं आणि सांगितलं की साहेबाची नात तिथं एकटी राहते. नात म्हणजे पन्नाशीला आलेली, हातात बागकामाचे मोजे. आम्ही आयाच्या नात्यातले, एवढं सांगताच तिचा चेहरा उजळला. "आयाची माणसं? अरे देवा! या, या, आत या!" तिनं चहा केला, केक कापला, आईला खिडकीजवळची चांगली खुर्ची दिली. ती वाईट बाई असती तर सोपं गेलं असतं.

ती बोलत होती आणि मी आईला मराठीत सांगत होते. आजी तिथंच राहिली होती. कुठला खलाशी नि कुठलं काय. आधी या बाईच्या वडिलांना आणि आत्यांना तिनं वाढवलं, मग पुढच्या पिढीला, म्हणजे हिला. ही शाळेत असताना ती छातीच्या दुखण्यानं गेली.

"फार गमतीची होती," बाई हसत म्हणाली. "दर वर्षी थंडी सुरू झाली की आपली पेटी भरायची, शाल पांघरायची आणि पुढच्या हॉलमध्ये पेटीवर बसून राहायची. म्हणायची, बॉम्बे! आम्हा मुलांना कोण हसू यायचं! आम्ही तिला घोडागाडी आली, घोडागाडी आली म्हणून चिडवायचो. मग आमची आजी यायची, तिची समजूत काढायची, पुढच्या वर्षी नक्की पाठवू म्हणायची. की ही पुन्हा वर जाऊन पेटी रिकामी करायची. दर वर्षी! आमच्या आजीला तिच्याशिवाय करमायचंच नाही ना."

मी मराठीत सांगायची थांबले.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "मला कळलं."

मी त्या बाईला विचारलं, "तिकीट काढून देणार असं ठरलं होतं ना? मग का नाही दिलं?"

"अगं, पण ती इथं सुखात होती. तिला स्वतःची खोली होती. आजारी पडली तर आमचा डॉक्टर यायचा. ती आमच्या घरातलीच होती."

"तिला स्वतःचं घर होतं. मुलगी होती."

"मुलगी?" बाईचा कप हातातच राहिला. "हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आमची आजी दर ख्रिसमसला तिच्या वतीनं तुमच्याकडे पत्र लिहायची, एवढं मला माहीत आहे."

एकही पत्र आईच्या हाती आलेलं नव्हतं. ती इथून निघालीच नाहीत की मावशीनं दडवली, ते मला आजही ठाऊक नाही. दोन्ही घरांवर माझा सारखाच संशय आहे.

वातावरण सावरायला म्हणून बाई म्हणाली, "मला अजून तिची भाषा येते हं. रोज सकाळी मला उठवायची." आणि तिनं घोगऱ्या इंग्रजी उच्चारात म्हणून दाखवलं, "ऊट ग छकूली, ऊट."

आई उभी राहिली. "तिला सांग," ती मला म्हणाली, "तिची छकुली मी होते."

मी सांगितलं. बाईचे डोळे भरून आले, आणि त्या रडण्याचाही मला राग आला. हे म्हणाले, "जुना काळ वेगळा होता, तिची काय चूक?" मी त्यांना आईसमोरच म्हटलं, "तुम्ही आज तरी गप्प बसा."

बाईनं चर्चच्या मागच्या कोपऱ्यातली आजीची कबर दाखवली. पांढरा दगड, त्यावर भला मोठा क्रॉस आणि खाली 'आमची विश्वासू आया'. आईनं वाकून एक खडा उचलला, आमच्या रीतीप्रमाणे दगडावर ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हा क्रॉस काढा," मी बाईला म्हटलं. "ती ख्रिश्चन नव्हती. शेवटपर्यंत डुकराचं खाल्लं नाही, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"पण तो माझ्या आजीनं स्वतः पसंत केला होता," बाई म्हणाली. "इतका सुंदर दगड आहे. आता कसा बदलायचा?" पाद्र्यालाही भेटले. त्यानं सौम्यपणे सांगितलं की ज्यांनी दगड बसवला त्यांच्या संमतीशिवाय काही करता येत नाही. म्हणजे जिवंतपणी ती त्यांच्या हातात, आणि मेल्यावरही!

लंडनला परतल्यावर शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेनंतर आमच्या बायका चहा ओतत होत्या, तेव्हा आईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझी आई पळून गेली नव्हती. तिला अडकवून ठेवलं होतं." नात्यातली एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे गं, आता कशाला ते?" साठ-पासष्ट वर्षं ज्यांनी ती गोष्ट चघळली, त्यांना खरं ऐकायला दोन मिनिटं जड झाली.

काही वर्षांनी आई गेली. तिच्या दगडावर रिवाजाप्रमाणे तिच्या वडिलांचं नाव यायचं होतं. मी म्हटलं, तिच्या आईचंही घाला. सिनेगॉगच्या समितीतले गृहस्थ म्हणाले, "अहो, असं आपल्याकडे करत नाहीत." मी म्हटलं, "माहितीय मला काय काय करत नाहीत ते." तीन आठवडे फोनाफोनी झाली. ह्यांनी या वेळी 'कशाला' म्हटलं नाही, उलट स्वतः जाऊन त्यांच्याशी भांडून आले. नाव कोरलं गेलं, मराठीत आणि हिब्रूत. सॉमरसेटचा तो क्रॉस मात्र, माझ्या माहितीप्रमाणे, अजून तिथंच आहे.