घरचं पीठ

आमच्या भावाला सगळा बाजार पिठ्या म्हणतो. पिठाची गिरणी त्याची, आणि भुवयांपासून चपलांपर्यंत माणूसही पिठाचाच. मी त्याची थोरली बहीण, त्याच्याच घरी राहते, म्हणून तोंडावर सांगते: मनाने सोनं, पण हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायचा नाही.

त्याच्या मुलीला, आमच्या चिमणीला, गहू सोसत नाही असं निघालं. कणभर पोटात गेला तरी आतडी सोलवटतात, डॉक्टर म्हणाले. गव्हावर जगणारं घर आमचं! भावजयीने डबे रिकामे केले, पोळपाट-लाटणं नवं आणलं. बिस्किटं, शेवया, पाव, सगळं बंद. आम्ही मोठ्यांनीही सोडलं. पोरीसमोर बसून गहू गिळवणार कुणाला?

भावजय म्हणाली, "तिच्यासाठी तांदळाच्या पिठाचं बंद पाकीट आणू या."

झालं, पिठ्या भडकला. "गिरणीवाल्याच्या घरात विकतचं पीठ? लोक तोंडात शेण घालतील!"

चिमणीचं दळण असलं की तो गिरणीचे दगड झाडायचा, आधी ओंजळभर तांदूळ दळून फेकून द्यायचा आणि मगच तिचे घालायचा. पिशवी छातीशी धरून घरी आणायचा.

तरी पोर वाळतच गेली. पोट फुगलेलं, हातापायांच्या नुसत्या काड्या. जिना चढताना मध्येच बसायची. पिठ्या घरातल्या प्रत्येकावर संशय घ्यायला लागला. बायकोला म्हणाला, "तूच चोरून देतेस काहीतरी!" माझं कपाट उचकलं मेल्याने! पोरीचं दप्तर रोज उलटं करायचा. ती बिचारी शपथा घेऊन दमली. घरात एकमेकांशी बोलणंच संपलं. मला तर वाटायला लागलं, ही पोर आपल्या हातची जाते.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. रक्त अजून भरलेलं नव्हतं. ते वैतागले. "पीठ कुठून आणता?"

"घरचं आहे," पिठ्या ताठ बसून म्हणाला. "स्वतःच्या हाताने दळतो."

"त्याच गिरणीत गहूही दळता?"

"हो, पण मी आधी झाडून..." दगडांना टाकी लावून खाचा तोच पाडतो. त्या खाचांत काय बसून राहतं, हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं का? भावजयीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिमणी सगळं ऐकत होती. कुंपणानेच शेत खाल्लं, आता ओरडायचं कुणाच्या नावाने?

येताना भावजयीने पाकीट घेतलं. पिठ्या दाराबाहेरच अंग झाडत राहिला, आत यायची त्याची हिंमत होईना. चिमणीसमोर ताट आलं. तिने हात लावला नाही. दाराकडे बघून हळूच विचारलं,

"बाबा, हे तुम्ही नाही ना दळलं?"

"नाही गं राणी. मी हातसुद्धा लावला नाही."

मग तिने घास घेतला, आणि पिठ्या उंबऱ्याबाहेर मटकन खाली बसला.