पान घातलेलं तूप

संग्रामपूरला मी सून म्हणून आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, आणि सायन्स घेऊन शिकलेली त्या घरात मी पहिलीच बाई. माझं माहेर सुलतानपूरचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. आई लोणी कढवताना शेवटी विड्याचं पान सोडायची. सासरी तुपात काहीच टाकत नसत.

त्या उन्हाळ्यात नणंदेचं लग्न ठरलं, सोनाळ्याच्या एका पानमळेवाल्यांकडे. घरच्या म्हशींचं तूप लग्नासाठी साठवायला लागलो. एकदा कढवायची पाळी माझी होती. मी सवयीने पान टाकलं, ते तडतडलं, तुपावर हिरवट झाक आली. जाऊबाईंनी ते पाहिलं आणि पाहुण्यांच्या पानात असलं तूप वाढायचं का, म्हणून सासूबाईंनाच बोलावून आणलं.

"काऊन टाकलं व पान?" सासूबाईंनी विचारलं.

"तूप खवट होत नाही, आत्याबाई. हवा लागून ते बिघडतं. पानाचा अर्क उतरला की हवेचा मारा तो आधी स्वतःवर घेतो."

हवेने तेल-तूप खवटतं हे मी कॉलेजात शिकले होते. पान काय करतं ते माझं मी ताडलं होतं. पण बोलताना मी अडखळले नाही, कारण आईचं तूप वर्षभर टिकताना मी पाहिलं होतं.

सासूबाईंनी वाद घातला नाही. "तुह्यं तूप येगळ्या बरणीत ठेव," म्हणाल्या. "पाहू मंग." पुढे माझ्या पाळीचं तूप माझ्या बरणीत आणि बाकीचं मोठ्या बरण्यांत जाऊ लागलं. फडताळ एकच होतं.

लग्न तोंडावर आलं आणि नवरदेवाचे आजोबा वारले. मग पावसाळा लागला. लग्न मार्गशीर्षावर गेलं. तूप तसंच राहिलं.

दिवाळी झाल्यावर बरण्या उघडल्या. मोठ्या बरण्यांची झाकणं काढताच खवट वास आला. माझ्या बरणीतलं तूप रवाळ होतं. जाऊबाईंनी बोटावर घेऊन चाखलं, पुन्हा चाखलं आणि म्हणाल्या, "हिचं बरं हाय." सासूबाईंनी मोठ्या बरण्या दिव्यांसाठी बाजूला काढल्या आणि मला म्हणाल्या, "आता समदं तूच सांग कसं करायचं."

मी सांगितलं, आणि लग्नासाठी नवं तूप आम्ही पान घालूनच कढवू लागलो. सोनाळ्याला कळलं तशी त्यांनी पानांची टोपलीच पाठवली. एकदा पान कुरकुरीत व्हायच्या आत जाऊबाईंनी कढई उतरवली, पानातलं पाणी तुपात राहिलं आणि वर पांढरी बुरशी धरली. त्यानंतर त्या पान चुरून पाहिल्याशिवाय कढई उतरवत नसत. मी वाटीभर तुपात शेवग्याचा पालाही कढवून पाहिला. तेही तूप पुढे छान टिकलं, पण वास कोणाला आवडला नाही.

लग्नात तुपाची वाहवा झाली. वरमाईंनी कृती विचारली तेव्हा जाऊबाईच पुढे झाल्या. पान हवेला कसं अडवतं ते त्यांनी असं समजावलं की मला भर घालावी लागली नाही.

मग गावात बोलबाला झाला. शेजारच्या एक बाई तापाने फणफणलेली मुलगी घेऊन आल्या. पानाचं तूप चाटवलं तर अंगात ताकद येऊन ताप उतरेल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. सासूबाई बरणीकडे वळल्याही होत्या. मी त्यांना थांबवलं.

"बरणीतलं तूप टिकलं म्हणून पोरीचा ताप उतरेल, असं मी सांगणार नाही," मी म्हणाले. "हिला दवाखान्यात न्या."

बाईंना राग आला. दारात आलेल्याला तूप नाकारलं, असंच त्यांना वाटलं. मी यजमानांना बैलगाडी जुंपायला सांगितली आणि मुलीला मांडीवर घेऊन स्वतः गाडीत बसले. डॉक्टरांनी सुई दिली, औषध दिलं. मुलगी हिंडू-फिरू लागली तशी तिच्या आई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. तापाचा विषय त्यांनी काढला नाही. लोणी कढवायचं आहे, विड्याची पानं असतील तर द्या, एवढंच म्हणाल्या.