रोमेलसमोर उभं कोण राहणार?

बार्बाडोस बेटावरच्या सेंट लूसी परगण्यात, अगदी उत्तर टोकाला वारा उसालासुद्धा सरळ उभं राहू देत नाही. तिथं ऑथनील गिटेन्सला सगळे 'काकवी' म्हणत. एकदा क्रीजवर चिकटला की सुटायचा नाही, आणि धावाही काकवीसारख्याच ओघळायच्या. पोटापाण्याला मिनीबस चालवायचा, तीही तशीच. त्याच्या मागं अडकलेल्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला नाही, असा दिवस उजाडला नसेल. क्लबच्या दुसऱ्या संघाचा सलामीवीर. पन्नाशी आली तरी जागा सोडेना. बायको युलीन म्हणायची, "तुला बाद करायला बॉलर नको, पेन्शन हवी."

तर त्या वर्षी गावात एक वेगवान गोलंदाज निघाला. तसे बार्बाडोसच्या रमच्या दुकानात असे हवे तेवढे मिळतात. प्रत्येक म्हातारा तरुणपणी आगच ओकत होता. फक्त ती पाहिलेले सगळे वर गेलेत. पण हा रोमेल कॅलेंडर खरा. सिमेंटच्या ब्लॉकच्या कारखान्यात काम करून खांदे असे कमावलेले, की बॉल सुटला हे कळायच्या आत यष्टिरक्षकाच्या हातात वाजायचा.

मे महिन्यात सरावात त्याच्या बॉलनं त्याच्याच दोस्ताचा, ड्वाइटचा, जबडा मोडला आणि सगळं बिनसलं. रिकाम्या नेटमध्ये यष्टीचे तुकडे पाडणारा हा गडी, समोर माणूस दिसला की मांजरीला दूध ठेवावं तसा बॉल ठेवायला लागला.

मग काय, सल्ल्यांचा पूर आला. एकानं धाव कमी करायला लावली, दुसऱ्यानं वाढवायला. तिसऱ्यानं मनगट बदललं. आत्यानं हनुमानफळाच्या पानांचा काढा पाजला. प्रत्येक सल्ल्यागणिक रोमेल आणखी मंदावला. खरी गोम ही होती, की सल्ला द्यायला अख्खं गाव आणि नेटमध्ये समोर उभं राहायला कुणी नाही. एकाची पाठ धरायची, एकाची सासू आजारी पडायची.

"शनिवारी शहरवाल्यांशी सामना आहे, निवड समितीचा माणूस येतोय," कप्तान अ‍ॅलीननं सांगितलं. "गुरुवारपर्यंत हा जोरात टाकताना दिसला नाही, तर मी त्याला संघाबाहेर बसवणार."

गुरुवारी संध्याकाळी काकवी मिनीबस थेट मैदानात घालून उतरला. डोक्यावर जुनं हेल्मेट, पॅडचे पट्टे पोटाखाली कसेबसे आवळलेले.

"ऑथनीलकाका, तुम्ही?" रोमेल कसनुसा हसला.

"का? तुला कुणी देखणा हवा होता?"

पहिले बॉल आले ते आजीच्या हातचे. काकवीनं त्यातला एक चक्क उसात भिरकावला. पंचवीस वर्षांत त्याला हे जमलं नव्हतं. मैदानाशेजारच्या रमच्या दुकानातले लोक प्याले घेऊनच बाहेर आले. "काकवीनं सिक्सर मारला! पोराला आता क्रिकेट सोडू द्या!" रोमेलची मान आणखी खाली गेली. टोमण्यानं पोर बुजलं, हे काकवीला दिसलं. बॅट टेकवून तो तरातरा रोमेलपाशी गेला.

"कशाला घाबरतोस?"

"तुम्हाला लागलं तर?"

"लागेल की. अरे, तू दोन माणसांचं काम करतोयस. टाकायचंही तूच आणि मला वाचवायचंही तूच? टाकणं तुझं, वाचणं माझं. माझ्या कामात हात घालू नकोस, मी तुझ्या कारखान्यात ब्लॉक उचलायला येतो का?"

रोमेल धाव सुरू करायच्या खुणेकडे परतला. पुढचा बॉल उसळला. काकवी खाली बसला तो पँटची शिवण उसवूनच. दुकानातले लोक खो खो हसले आणि रोमेलसुद्धा हसला. त्यानंतरचा बॉल मात्र सरळ बरगडीत बसला. काकवी गुडघ्यावर आला. हसू थांबलं. रोमेल घाबरून त्याच्याकडे धावला.

"तिथंच थांब!" काकवीनं श्वास ओढत ओरडून सांगितलं. "तुला कुणी बोलावलं? मी अजून मेलो नाही आणि ओव्हर संपली नाही. मागं जा!"

"काका, पुरे..."

"मागं जा म्हणतो ना! आता हळू टाकलास तर बॅट घेऊन तुझ्या मागं लागेन."

रोमेल अर्ध्या वाटेत उभा. अ‍ॅलीन जाळीपाशी येऊन पाहत होता. मग रोमेल वळला, आपल्या खुणेपाशी गेला आणि धावत आला. काकवीची बॅट अजून वरच होती, आणि मधली यष्टी मागच्या जाळीत अडकली होती. मोडक्या बरगडीवर हात धरून तो माणूस असा खूश, की जणू शतक ठोकलंय. "पाहिलंत? दिसलासुद्धा नाही मला!" घरी युलीननं पट्टी बांधताना जे ऐकवलं, ते छापण्यासारखं नाही.

शनिवारी रोमेलच्या हातात नवा बॉल होता. काकवी सीमारेषेजवळ खुर्ची टाकून बसला. दुसऱ्याच ओव्हरमध्ये शहरवाल्या सलामीवीराच्या बोटांवर बॉल आदळला. बॅट टाकून तो हात झटकत नाचायला लागला. काकवी खुर्चीतून अर्धा उठला. रोमेलनं लांबूनच विचारलं, "ठीक आहेस ना?" फलंदाजानं होकारार्थी मान हलवली. रोमेल वळला आणि खुणेकडे चालू लागला.

स्लिपमधले सगळे, कुणी न सांगता, आणखी मागं सरकले.