लांब शेपटीची की पंखाची
आम्ही दोघं मास्तर मानवतहून खेड्यातल्या शाळेला एकाच मोटारसायकलवर जायचो. गाडी दुसऱ्या सरांची, मागे मी. त्या वर्षी आम्हाला एका विलायती मोटारीचं खूळ लागलं होतं. तिच्यात ड्रायव्हर म्हणे मधोमध बसतो. तिचे दोन दुर्मीळ प्रकार मोबाइलवर बघून आम्ही रोज भांडायचो. लांब शेपटीच्या मोटारी जगात तीनच, म्हणून त्याच थोर, असं मी म्हणायचो. मागे मोठा पंख लावलेल्या पाच असल्या तरी खरा दम त्यांच्यातच, असं ते म्हणायचे.

एका सकाळी ते म्हणाले, "सर, शेपूट लांब असल्यानं बैल पळत नसतो."

मला एवढा राग आला की मी गाडी थांबवायला लावून भर रस्त्यात उतरलो. ते खुशाल निघून गेले.

कापूस वेचायला निघालेल्या एका बाईनं विचारलं, "गुरुजी, गाडी बिघडली का?"

मी खरं ते सांगितलं.

"तुमी दोघांनी पाह्यली हाय का ती मोटार?"

"नाही."

"मंग लेकरं काय शिकायलेत तुमच्याजवळ?"

मी शाळेकडे चालू लागलो. प्रार्थना संपल्यावर घामाघूम होऊन पोचलो, तर तेही वाटेत चहाला थांबून तेव्हाच येत होते. मुख्याध्यापिकेनं उशिराचं कारण विचारलं, तर आम्ही दोघंही एका सुरात म्हणालो, "पंक्चर." वर्षभरात आमचं एकमत झालं ते एवढंच, आणि तेही खोटं बोलण्यावर. दुसऱ्या दिवसापासून मी एसटीनं जाऊ लागलो. वाद मात्र दोघांनीही सोडला नाही, इतके आम्ही शहाणे.